डॉ. बाबासाहेब आंबेडकर : बडोद्याच्या धर्मशाळेपासून घटनेच्या पंधराव्या कलमापर्यंत

एखाद्या वस्तीचे, संस्थेचे अथवा धर्मादाय वास्तूचे दार कोणासाठी उघडावे आणि कोणासाठी मिटावे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्या मालकांचा, की त्याला समाजाच्या न्यायबुद्धीची काही मर्यादा असावी? वरवर पाहता हा प्रश्न कायदेपंडितांच्या चर्चेचा वाटतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आयुष्यात मात्र तो ग्रंथांतून आला नाही. तो न्हाव्याच्या वस्तऱ्यातून, बैलगाडीच्या भाड्यातून, धर्मशाळेच्या नोंदवहीतून आणि तळ्याच्या पाण्यातून आला. त्यांच्या चरित्राचा अभ्यास आजवर अनेक अंगांनी झाला आहे. या एका प्रश्नाच्या अनुषंगाने ते पाहिले असता त्याची एक निराळी संगती लागते. आणि माळवा व बडोदे या महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांशी असलेले त्याचे नातेही स्पष्ट होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी इंदूरनजीकच्या महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले, आंबडवे गावचे. रामजी कबीरपंथी, विद्येची गोडी असलेले आणि मुलांच्या अभ्यासाविषयी दक्ष होते. त्यांच्या निवृत्तीनंतर कुटुंब प्रथम दापोलीस आणि मग साताऱ्यास आले. मातोश्री भीमाबाई लवकरच निवर्तल्या. साताऱ्याच्या शाळेत या बुद्धिमान मुलाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, आणि तहान लागल्यास शिपायाने वरून पाणी घातल्यावाचून ते पिता येत नसे. शाळा सरकारी होती. निदान तेथे तक्रारीला जागा होती. परंतु गावातला न्हावी महाराच्या मुलाचे केस कापीत नसे, आणि त्याविरुद्ध दाद मागण्याचे कोठेच ठिकाण नव्हते. न्हाव्याचा धंदा हा त्याचा स्वतःचा होता. भीमरावांचे केस त्यांची थोरली बहीण घरीच कापीत असे.

१९०१ च्या सुमारास वडील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. त्यांच्याकडे सुट्टीसाठी निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनावर उतरली. त्यांना न्यायला यावयाचा माणूस आला नाही. नीटनेटके कपडे घातलेल्या या मुलांची स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने विचारपूस केली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. अट अशी की, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. शिदोरी बरोबर होती, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. ती रात्र उपाशीपोटी गेली. गाडी गाडीवानाच्या मालकीची होती आणि तीत कोणाला बसवावे हा त्याचा अधिकार होता, असे कोणी म्हटले असते तर त्या काळच्या कायद्यात त्याला उत्तर नव्हते. सर्वांसाठी भाड्याने उभी असलेली गाडी एका मुलापुरती मात्र अचानक खाजगी होते, हा अनुभव त्या नऊ-दहा वर्षांच्या मनात कायमचा रुतला. पुढे १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आठवणींत बाबासाहेबांनी हाच प्रसंग प्रथम नोंदविला.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांची गुणवत्ता हेरली आणि त्यांच्या मध्यस्थीने बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पदवी घेऊन १९१३ च्या जानेवारीत ते बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. परंतु लगेचच वडील आजारी पडल्याने त्यांना मुंबईस परतावे लागले आणि २ फेब्रुवारीस रामजी सुभेदारांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजांनी त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी निवडले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार झाला, आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियातील वर्षे त्यांच्या आयुष्यातील मुक्त वर्षे होत. वसतिगृहात जागा, भोजनगृहात टेबल, ग्रंथालयात खुर्ची यांपैकी कशासाठीही जात सांगावी लागत नव्हती. सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू लाभले; नवल भथेना या पारशी तरुणाशी जन्मभराची मैत्री जुळली. तथापि ज्या देशाने त्यांना ही मोकळीक दिली, त्याच देशातील कृष्णवर्णीयांना ती नव्हती. विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती होती. अमेरिकेतील अनेक शहरांत गोरे घरमालक आपापसांत लेखी करार करीत, की आपल्या आळीतील घर कृष्णवर्णीयास विकावयाचे अथवा भाड्याने द्यावयाचे नाही. सेंट लुई शहरातील एका रस्त्यावरच्या ३९ मालकांपैकी ३० जणांनी १९११ साली असा पन्नास वर्षांचा करार केला होता. ५ नोव्हेंबर १९१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकांनी वंशानुसार वस्त्या वेगळ्या करण्याचे नियम रद्द ठरविले. त्यानंतर तर हे खाजगी करार अधिकच फोफावले. सरकारला जे करण्यास मनाई झाली, ते शेजाऱ्यांनी सही-शिक्क्यानिशी करून दाखविले.

तो निकाल लागण्याच्या सुमारासच बडोद्यात काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून आंबेडकर ऑगस्ट १९१७ मध्ये स्वदेशी परतले. वेगळ्या जहाजाने पाठविलेला त्यांचा ग्रंथसंग्रह युद्धकाळातील पाणतीराने समुद्रात बुडाला. त्याची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागला. सप्टेंबरात ते बडोद्यास पोहोचले आणि महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी करू लागले. त्या काळचे बडोदे हे हिंदुस्थानातील सर्वांत प्रगत संस्थानांपैकी एक होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण तेथे १९०६ पासून राज्यभर लागू होते. अंत्यजांसाठी शाळा होत्या. १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून महाराजांनी सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले होते. अशा त्या नगरीत कोलंबिया विद्यापीठाच्या एम्. ए. ला राहावयास एक खोली मिळेना.

हिंदूंच्या खाणावळीत जात विचारली जाणार, हे उघड होते. एक पारशी धर्मशाळा मात्र जवळजवळ ओसच पडली होती. पारशी धर्मात अस्पृश्यता नाही, तेव्हा तेथे प्रश्न येणार नाही, अशा विचाराने ते तेथे गेले. रखवालदाराने सांगितले की, ही वास्तू पारशी समाजाने केवळ पारश्यांसाठी बांधली आहे. पण उतारू नसल्याने त्याचे उत्पन्न बंद होते. दिवसाला दीड रुपया घ्यावा आणि नोंदवहीत पारशी नाव लिहावे, अशी तडजोड ठरली. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी अडगळीने भरलेले दालन, विजेचा दिवा नाही, सोबतीस माणूस नाही. कंदिलाच्या उजेडात ते पुस्तके वाचीत रात्र काढीत. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत होता. कचेरीतही शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या बेतात असताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावरून वर आले. खोटे नाव घेऊन धर्मशाळा विटाळल्याचा जाब त्यांनी विचारला. आंबेडकरांनी आठ दिवसांची मुदत मागितली. तीही नाकारून संध्याकाळपर्यंत निघून जाण्यास त्यांनी फर्मावले. मग त्यांनी दोन परिचितांकडे आसरा मागितला. हिंदू मित्र म्हणाले की, घरचे नोकर काम सोडून जातील. ख्रिस्ती मित्राला पत्नीचे मत घ्यावयाचे होते. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण होते आणि धर्मांतराने जुने संस्कार गेले नव्हते. दोघांनीही शिवी दिली नाही, अपमान केला नाही. दोघांनीही केवळ आपापल्या घराच्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीस अवकाश असल्याने आंबेडकर कामाठी बागेत जाऊन बसले. नऊच्या गाडीने त्यांनी बडोदे सोडले. ज्या झाडाखाली ते बसले ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या प्रसंगात राज्यसत्तेने काहीही केले नव्हते. उलट राजा अनुकूल होता. त्यानेच या तरुणाला घडविले होते. दार मिटले ते समाजांनी, आणि प्रत्येक समाजाजवळ आपापले कारण होते. ट्रस्टचा नियम, नोकरांची अडचण, गृहिणीची समजूत यांपैकी प्रत्येक कारण वेगळे पाहिले तर क्षुल्लक वाटते. पण ती सर्व एकत्र आली तेव्हा एका माणसाला शहरात राहणेच अशक्य झाले. पारशी समाजाविषयी बाबासाहेबांनी मनात अढी धरली नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९२० साली पुन्हा लंडनला जाण्यासाठी त्यांना ज्यांनी कर्ज दिले, त्यांत नवल भथेनाच होते.

मधली वर्षे धावपळीची गेली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, ३१ जानेवारी १९२० रोजी छत्रपती शाहू महाराजांच्या साहाय्याने मूकनायक पत्राचा आरंभ, लंडनला बॅरिस्टरीची सनद आणि १९२३ साली डी. एस्सी. ही पदवी, मग मुंबईत वकिली. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. वसतिगृहे आणि वाचनालये चालविणे हा तिच्या उद्दिष्टांचा महत्त्वाचा भाग होता. ज्यांना इतरांच्या घरात जागा नाही त्यांनी आपली घरे आणि आपली पुस्तके उभी करावीत, ही त्यामागची दृष्टी होती.

बडोद्यात जो प्रश्न एकट्याचा होता, तो महाडला हजारोंचा झाला. सी. के. बोले यांच्या ठरावान्वये १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते, आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे असे स्पृश्य सहकारी या लढ्यात त्यांच्याबरोबर होते. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर होताच महाडच्या काही स्पृश्य नागरिकांनी दिवाणी दावा दाखल केला. दाव्याचे सूत्र लक्षणीय होते. तळे सार्वजनिक नसून ते चौधरी तळे आहे, सभोवतालच्या स्पृश्य रहिवाशांच्या खाजगी मालकीचे आहे, आणि त्यातून अस्पृश्यांना वगळण्याचा त्यांना परंपरेने हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. धर्मशास्त्राचा आधार तोकडा पडताच मालमत्तेचा आधार पुढे आला.

न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला. हजारो सत्याग्रही तुरुंगात जाण्यास सिद्ध होऊन महाडला जमले असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानण्याचा सल्ला दिला. तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक निघाली, पाण्याला कोणी हात लावला नाही. मग पुढची नऊ-दहा वर्षे ते हा दावा लढत राहिले. १९३१ साली महाडच्या न्यायालयात, १९३३ साली ठाण्याच्या अपिलात आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात वादी हरले. वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निकालपत्राने ठरविले. विजय झाला, पण त्यातील उणीव बाबासाहेबांसारख्या कायदेपंडिताच्या नजरेतून सुटण्यासारखी नव्हती. वादी हरले ते पुराव्यावर. मालकी आणि वहिवाट निर्विवाद सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचे उत्तर शोधण्याचा यत्न त्यांनी त्याआधीच सुरू केला होता. १९३० साली लंडनच्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची जी योजना मांडली, तिच्यात धर्मशाळा, शाळा, रस्ते, पाणवठे, वाहने आणि करमणुकीची स्थाने यांचा समान उपभोग नाकारणे हा गुन्हा मानावा, अशी मागणी होती. त्यासाठी आधार म्हणून त्यांनी अमेरिकेचे १८६६ व १८७५ सालचे नागरी हक्कांचे कायदे दाखविले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी ते केले गेले होते. त्यांपैकी १८७५ च्या कायद्यातील मुख्य कलमे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८८३ सालीच रद्द केली होती. कारण असे की, घटनेने बंधन घातले आहे ते राज्यांवर. खाणावळवाला किंवा नाटकगृहाचा मालक यांच्या वर्तनावर नाही. जे कलम अमेरिकेने टाकून दिले होते, ते बाबासाहेबांनी हिंदी राज्यघटनेसाठी उचलले. या योजनेत सामाजिक बहिष्कारही दंडनीय मानला होता. शेतमालकाने जमीन काढून घ्यावी, वाण्याने मीठमिरची देऊ नये, अशी कृत्ये एकेकट्याने केली तर ती मर्जी ठरते. सगळ्या गावाने मिळून केली तर ते शासन होते, ही त्यांची धारणा होती.

जात हा वंशभेद आहे असे मात्र त्यांनी कधी मानले नाही. १९३६ साली लाहोरच्या मंडळासाठी तयार केलेल्या आणि परिषद रद्द झाल्याने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या भाषणात, तसेच अस्पृश्यांच्या मूळाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी वंशभेदाची उपपत्ती खोडून काढली. तथापि बहिष्काराची रीत दोन्हीकडे सारखीच आहे, हे ते जाणत होते. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, तो याच जाणिवेतून.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वातंत्र्य आले. बाबासाहेब कायदेमंत्री आणि ऑगस्टअखेरीस घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत समतेच्या कलमावर चर्चा झाली. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची स्थाने यांत मज्जाव करता येणार नाही, असे त्याचे दुसरे उपकलम सांगत होते. विहिरी, तलाव, स्नानघाट यांचाही त्यात समावेश होता. हे बंधन सरकारापुरते नव्हते. ते प्रत्येक दुकानदारावर होते. दुकान या शब्दात न्हाव्याचे, धोब्याचे दुकान येते काय, अशी पृच्छा झाली. बाबासाहेबांनी खुलासा केला की, येणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास मालक जेथे सिद्ध असतो, ते ते ठिकाण दुकान होय. साताऱ्यात ज्याचे केस कापावयास न्हावी मिळाला नव्हता, त्याने हे उत्तर दिले. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही संमत झाले. त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुईचा तो १९११ चा करार न्यायालयांमार्फत अमलात आणण्यास नकार दिला होता. खाणावळी आणि हॉटेले सर्वांना खुली करणारा कायदा मात्र अमेरिकेत १९६४ साली, आणि घरांच्या विक्रीसंबंधीचा १९६८ साली झाला.

घटनेने सर्वच दारे उघडली नाहीत. नागरिकांना संस्था आणि संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य तिने दिले. अल्पसंख्याकांना आपली भाषा, संस्कृती आणि शिक्षणसंस्था जतन करण्याचा हक्क दिला. माणसाने घरी कोणाला जेवावयास बोलवावे, हे तिने ठरविले नाही. बाबासाहेबांनी आखलेली सीमा व्यवहाराची होती : जो सर्वांसाठी दार उघडून बसतो, त्याने जात पाहून ते मिटू नये. बडोद्याच्या त्या दोन मित्रांची घरे या सीमेच्या आत सुरक्षित राहिली. एका समाजाने आपल्याच ट्रस्टमधून केवळ आपल्या लोकांसाठी बांधलेली धर्मशाळा कोणत्या बाजूस पडते, हे मात्र त्या उपकलमाच्या शब्दांतून स्पष्ट होत नव्हते. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास वा त्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा ठरविला. ती त्या वाटेवरची आणखी एक पायरी होती.

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने सन्मान्य पदवी देऊन त्यांचा गौरव केला. प्रकृती ढासळत होती. तरी दादरच्या राजगृहातील ग्रंथसंग्रह आणि दिल्लीतील अभ्यासिका हीच त्यांची विश्रांतीची ठिकाणे होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९९० साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न हा किताब देण्यात आला.

त्यांच्या मागे हा प्रश्न पुन्हा न्यायालयात आला, आणि योगायोग असा की, गुजरातेतल्याच एका पारशी वस्तीच्या रूपाने आला. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व पारश्यांपुरतेच असावे हा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. संघस्वातंत्र्याचा त्यास आधार होता, आणि मूलभूत हक्कांचे बंधन सहकारी संस्थेवर नाही, असे मानले गेले. संख्येने घटत चाललेल्या समाजाची आपली वस्ती राखण्याची तळमळ खोटी म्हणता येणार नाही. परंतु अल्पसंख्य समाजाला जे आश्रयस्थान वाटते, तोच नियम शहरातील प्रत्येक संस्थेने आपापल्या जातीपुरता केला, तर परक्याला उतरावयास जागा कोठे उरेल, हा बडोद्याचा प्रश्न त्या निकालाने संपला नाही. पुढे २०११ साली दिल्लीतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणी त्याच न्यायालयाने दुकान या शब्दाचा व्यापक अर्थ लावला आणि खाजगी शिक्षणसंस्थाही त्या उपकलमाच्या कक्षेत आणल्या. त्या वेळी आधार घेतला गेला तो बाबासाहेबांच्या १९४८ च्या खुलाशाचा.

कायद्याची सीमा अशी हळूहळू सरकत आहे. ती कोठवर सरकावी याबद्दल विचारवंतांत मतभेद राहतील. त्या विचारात घराच्या मालकाची बाजू मांडणारे नेहमीच पुष्कळ असतात. सप्टेंबर १९१७ मध्ये कामाठी बागेत सामानासह गाडीची वेळ होण्याची वाट पाहत बसलेल्या पंडिताची बाजू मांडणारे त्या दिवशी सबंध नगरीत कोणी नव्हते. ती बाजू राष्ट्राच्या घटनेत लिहिली गेली, यात बाबासाहेबांच्या आयुष्याचे मोठेच सार्थक आहे.